बत्तीही गुल, फूलही गुल

बॅडमिंटनच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की कोणालाही वाटतं, वा, काय लखलखाट आहे! छताला दिव्यांच्या रांगा, खाली हिरवंगार मॅट, त्यावर पांढऱ्याशुभ्र रेघा. पेपर वाचता येतो, गॅलरीतल्या मावशींना विणकामाचे टाके मोजता येतात, पंचांना स्कोअरशीटवरचं स्वतःचं अक्षरसुद्धा लागतं. मग माणूस निर्धास्तपणे कॅमेरा काढतो, भाचीचा स्मॅश टिपतो आणि मागच्या पडद्यावर बघतो तर काय? भाचीच्या जागी गुलाबी धूर, रॅकेटच्या जागी काहीच नाही, आणि फूल, म्हणजे शटलकॉक, ते तर पंचक्रोशीत नाही.

इथे बहुतेक लोक कॅमेऱ्याला शिव्या घालतात. वास्तविक फसवलेलं असतं डोळ्यांनी. आपले डोळे अतिशय भिडस्त. कुठेही न्या, जुळवून घेतात आणि तक्रार करत नाहीत. भर दुपारी बाहेर साधारण 1 लाख लक्स उजेड असतो. तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या हॉलमध्ये चारशे लक्स मिळाले तरी देव पावला म्हणायचं. म्हणजे चपला काढून आत येईपर्यंत उजेडाचे अडीचशे भाग झाले आणि त्यातला एकच आपल्याबरोबर आत आला. डोळ्यांनी हे आपल्याला कळूसुद्धा दिलं नाही. कॅमेरा मात्र फटकळ. जेवढं आहे तेवढंच सांगतो.

जुन्या फोटोग्राफरांचा एक आडाखा आहे. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, 16 वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या आकड्याइतकं. 100 ची फिल्म असेल तर शटर 1/100. उजेड मोजायच्या यंत्राची गरज नाही. हॉलमध्ये हाच हिशेब आठ पायऱ्या खाली उतरतो, आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. त्यातल्या पाच पायऱ्या लेन्स 2.8 पर्यंत उघडून भरून काढा. उरलेल्या तीन आयएसओ, म्हणजे तोच फिल्मचा आकडा, 800 करून भरा. झालं? नाही झालं. कारण शटर अजून 1/100 वरच आहे, आणि त्या वेळात भाची कोर्टाच्या एका कोपऱ्यातून निघालेली असते. तिला जागेवर धरायचं तर निदान 1/800 हवं. म्हणजे आणखी तीन पायऱ्या, म्हणजे आयएसओ 6400. आणि हे सगळं 2.8 ची लेन्स असली तर. कॅमेऱ्याच्या खोक्यात येते ती 18-55 ची लेन्स, झूम केली की 5.6 वर जाऊन बसते. तिला पुन्हा दोन पायऱ्या लागतात. आयएसओ 25,600 वर काढलेल्या फोटोत आपली भाची कुठली आणि शेजाऱ्यांची कुठली, हे फक्त बहिणीला ओळखता येतं.

शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हे तिघं म्हणजे एकाच सातबाऱ्यावरचे तीन भाऊ. एकाने बांध कोरला की दुसऱ्याचं वावर घटतं. शटरला वेग हवा, तर अ‍ॅपर्चरने जास्त उघडायला पाहिजे. अ‍ॅपर्चरने जास्त उघडलं की फोकसची पट्टी चिंचोळी होते, नाक स्पष्ट आणि रॅकेट धूसर. दोघांनीही हात वर केले की सगळा बोजा धाकट्यावर, आयएसओवर. धाकटा बिचारा नाही म्हणत नाही, पण मनात धरतो आणि फोटोभर दाणे पेरून ठेवतो. ते दाणे काढायला आता सॉफ्टवेअर मिळतात. त्यातून काढलेला चेहरा इतका गुळगुळीत होतो, की खेळाडूने स्मॅश मारला की साबणाची जाहिरात केली, असा प्रश्न पडावा.

खरं तर हा खेळ जन्माने उघड्यावरचा. 1870 च्या दशकात पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांनी त्याचे नियम बांधले आणि काही काळ तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जायचा. हे पुणेकर तुम्हाला सांगतीलच. विचारलं नाही तरी सांगतील. पण पाचेक ग्रॅमचं पिसांचं फूल, त्याला वारा सोसवेना, म्हणून खेळ छपराखाली गेला आणि आमच्या कॅमेऱ्यांच्या नशिबी हा काळोख आला. साहेबाने जरा कळ काढून तो पुण्याच्या उन्हातच ठेवला असता तर? अर्थात तेव्हाच्या कॅमेऱ्यांना एका फोटोला काही सेकंद लागायचे. म्हणजे साहेबाला स्मॅश मारून तेवढा वेळ हवेतच थांबावं लागलं असतं. तेही जमलं असतं म्हणा. साहेबाला हवेत राहायची सवय होतीच.

बॅडमिंटनचा हॉल बांधणाऱ्याने फोटोग्राफरच्या विरुद्ध पद्धतशीर कट केलेला असतो. आता दिव्यांचंच बघा. खेळाडूची मान सारखी वर. फूल छताकडून खाली येतं, आणि नेमका तिथे दिवा असेल तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. म्हणून चांगल्या हॉलमध्ये दिवे कोर्टाच्या डोक्यावर लावत नाहीत, दोन्ही बाजूंना रेघांच्या बाहेर लावतात. खेळाडूची सोय झाली. फोटोत मात्र दोन्ही कान झळझळीत आणि मधलं नाक-तोंड कातरवेळेला. मग भिंती. फूल पांढरं, ते उठून दिसावं म्हणून मागची भिंत गडद हवी. गडद भिंत उजेड गिळते, परत देत नाही. मग खिडक्या. वाऱ्याने फूल भरकटतं, म्हणून खिडक्या बंद, वर पडदे, पंखे बंद. म्हणजे देवाने फुकट दिलेला उजेड बाहेर ताटकळत उभा आणि आत मे महिना. जिल्हा स्पर्धा नेहमी सुट्टीतच का असतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. घामाने कॅमेऱ्याची डोळा लावायची काच धुरकट होते, हौशी फोटोग्राफरला वाटतं उजेड आणखी कमी झाला, आणि तो धाकट्या भावाला आणखी एक पायरी चढवतो.

या सगळ्यात फूल कुठे असतं? सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा एक स्मॅश ताशी 565 किलोमीटर भरला आणि 2023 मध्ये गिनीज बुकात गेला. तो काही सामन्यातला नव्हता, जपानमध्ये मुद्दाम मोजायला मारलेला होता. आपल्याकडच्या सोळा वर्षांखालच्या पोराला त्याचा तिसरा हिस्सा देऊ. तरी सेकंदाला पन्नासेक मीटर होतात. शटर 1/60 वर असेल तर तेवढ्यात फूल पाऊण मीटरच्या पुढे गेलेलं असतं. फोटोत त्याची एक फिकट रेघ उमटते आणि घरचे विचारतात, ‘लेन्सवर केस पडला होता का?’ 1/500 ला ते दहा सेंटीमीटर सरकतं, म्हणजे साधारण स्वतःच्या अंगाइतकं. निदान फूल आहे एवढी ओळख पटते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. पिसांना हवा अडते आणि फुलाचा जोर झपाट्याने उतरतो. रॅकेटवरून सुटताना जे वाघ असतं ते पलीकडे पोचेपर्यंत शेळी होतं. तेव्हा फोटोत फूल हवंच असेल तर कॅमेरा मारणाऱ्यावर धरू नये, घेणाऱ्यावर धरावा. हे कोणी सांगत नाही, कारण प्रत्येक पालकाला आपलं मूल मारतानाच हवं असतं. घेताना काढलेल्या फोटोला ‘हा हरत होता तेव्हाचा का?’ असं विचारतात.

आता दिव्यांच्या लपंडावाबद्दल. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, आणि प्रत्येक हेलकाव्यात दिवा दोनदा उजळतो, दोनदा मंदावतो. म्हणजे ट्यूब, जुने मोठे बल्ब, स्वस्तातले एलईडी, हे सगळे सेकंदाला शंभर वेळा डोळे मिचकावत असतात. आपल्याला ते दिसत नाही, पुन्हा त्या भिडस्त डोळ्यांमुळेच. शटर 1/100 वर असतं तेव्हा एक अख्खं मिचकावणं आत येतं आणि सगळे फोटो सारखे येतात. 1/1000 वर गेलं की त्याचा दहावा तुकडाच हाती लागतो, आणि तो उघड्या डोळ्याचा की मिटलेल्या, हे नशिबावर. लागोपाठ काढलेले तीन फोटो बघा. पहिल्यात मुलगी ठणठणीत, दुसऱ्यात तिला कावीळ झालेली, तिसऱ्यात ती हिरवी पडलेली, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदात. कधी कधी एकाच फोटोत वरचा भाग उजळ आणि खाली काळी पट्टी. एका आजोबांनी असा फोटो बघून नातीला रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं.

यावर कॅमेरा कंपन्यांनी उतारा काढला. दिव्याचं मिचकावणं ओळखून ऐन उजेडाच्या क्षणी शटर उघडणारी सोय 2014 साली कॅननच्या 7डी मार्क 2 मध्ये आली आणि मग इतरांकडेही आली. पण खरा उतारा वायरमनकडे आहे. हॉलमधले दिवे तिन्ही फेजांवर वाटून लावले, की एक मंदावतो तेव्हा दुसरा उजळलेला असतो आणि लपंडाव बराच कमी होतो. मोठ्या हॉलमध्ये असं करतात. आपल्याकडे थ्री फेज शेतातल्या मोटारीसाठी असते आणि तीही रात्री येते, त्यामुळे हॉलच्या वायरमनला ही कल्पना सांगितली की तो आपल्याकडे दयाबुद्धीने बघतो.

उजेडाचं जमलं तर फोकस. कॅमेऱ्याला काळं-पांढरं ठळक जिथे दिसेल तिथे तो धावतो. अंधाऱ्या हॉलमध्ये सगळ्यात ठळक वस्तू कोणती? जाळी. काळपट दोऱ्याची जाळी आणि तिच्या माथ्यावर 75 मिलिमीटरची पांढरी पट्टी. नियमच आहे तसा. पलीकडे जगज्जेता जरी उडी मारत असला तरी कॅमेऱ्याचं चित्त त्या पट्टीवर. माझ्याकडे जाळीचे अतिशय सुरेख फोटो आहेत. पट्टीच्या शिवणीचा दोरा कुठे उसवलाय, गाठ कोणी कशी मारलीय, सगळं दिसतं. मागे एक पांढरट आकृती आहे, ती राज्य विजेती. कमी उजेडात तर कॅमेऱ्याला जाळीही धड सापडत नाही. मग लेन्स घुर्र करत पुढे जाते, घुर्र करत मागे येते, आणि तिचा विचार पक्का होईपर्यंत गेम 21-17 वर संपलेला असतो.

गॅलरीत आणखी नमुने भेटतात. सगळ्यात प्रेमळ म्हणजे फ्लॅशवाले काका. फ्लॅशला बंदी असते आणि ती रास्त आहे. समोरून येणाऱ्या फुलावर नजर लावलेल्या पोरीच्या डोळ्यांत वीज चमकवायची म्हणजे तिचा गुण चोरण्यासारखंच आहे. माइकवरून दर अर्ध्या तासाला सांगतात. काका मान डोलावतात आणि पुन्हा मारतात, कारण फ्लॅश बंद कसा करायचा हे त्यांना ठाऊक नसतं. ते मुलगा अमेरिकेला जाताना दाखवायचं विसरला. बरं, कॅमेऱ्यावरचा तो टिचभर फ्लॅश चार-पाच मीटरच्या पुढे कामाचा नाही. कोर्ट तिथून किती तरी लांब. फोटोत उजळून निघतं ते पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल. काकांच्या संग्रहात अशी बरीच टकलं असणार, आणि प्रत्येकाखाली ‘नातीचा उपांत्य सामना’ असं लिहिलेलं असणार.

मोबाइलवाले तर घरटी एक. मोबाइलचा रात्रीचा मोड हा फार हुशार प्रकार आहे. तो एका फोटोऐवजी पुष्कळ फोटो काढून एकावर एक रचतो आणि त्यातून उजेड गोळा करतो. आकाशकंदील, गणपतीची आरास, घाटावरचे दिवे, यांना तो छान, कारण ही मंडळी जागची हलत नाहीत. बॅडमिंटनमध्ये रचलेल्या प्रत्येक थरात मुलगी वेगळ्या ठिकाणी असते. मोबाइल गोंधळतो आणि मग आपल्या बुद्धीने काहीतरी जुळवतो. मी एका खेळाडूला तीन हात आलेले पाहिले आहेत. तिच्या आईने फोटो देवीचं रूप म्हणून स्टेटसला ठेवला होता.

तिसरा नमुना धडधड फोटो घेणारा तरुण. कॅमेरा नवा, सेकंदाला वीस फोटो काढणारा. सर्व्हिस सुरू झाली की बटण दाबतो, गुण संपला की सोडतो. याच्याकडे सामन्याचा फोटो नसतो, सामन्याचा पंचनामा असतो. रात्री लॅपटॉपसमोर बसून तो हजारो चित्रांतून एक निवडू बघतो. उडीच्या आधीचं चित्र आहे, नंतरचंही आहे, ऐन उडीचं मात्र कावीळवालं.

हे सगळं मी कोणाच्या बरोबर बसून शिकलो, तर एका बुजुर्ग पेपरवाल्या फोटोग्राफरच्या. निवृत्त झाले तरी येऊन बसतात. लोक त्यांना विचारतात, ‘काका, कोणती लेन्स घेऊ?’ काका म्हणतात, ‘आधी खेळ बघ.’ लोकांना वाटतं काका टाळतायत.

त्यांच्या काळी आयएसओचं बटण नव्हतं. 400 ची फिल्म भरायची, ती 1600 ची आहे असं कॅमेऱ्याला खोटंच सांगायचं, आणि डार्करूममध्ये रसायनात जास्त वेळ ठेवून ते खोटं निस्तरायचं. याला ते ‘पुश मारणं’ म्हणतात. दाणे यायचे, पण पेपरच्या कागदावर तसेही पुढारी आणि पहिलवान सारखेच दिसायचे, त्यामुळे कोणाची तक्रार नसे. एका रोलमध्ये 36 फोटो. त्यात सकाळचं नगरपालिकेचं उपोषण, दुपारचा अपघात आणि संध्याकाळची बॅडमिंटनची फायनल. फायनलच्या वाट्याला सात-आठ यायचे. सात-आठ फोटोत फायनल पकडायची तर धडधड करून चालत नाही. आधी कळावं लागतं.

काय कळावं लागतं, ते त्यांच्याच बाजूला बसून पाहिलं. काका कॅमेरा मांडीवर ठेवून पहिला गेम नुसता बघतात. मग म्हणतात, ‘ती डावीकडची बघ. बॅकहँडला अडकली की उंच फूल देते. दिलं की समोरची उडी मारणार.’ दुसऱ्या गेममध्ये ती बॅकहँडला अडकली. काकांनी फुलाकडे पाहिलंच नाही. कॅमेरा समोरच्या मुलीच्या छातीवर आधीच लागलेला, बोट अर्धं दाबलेलं. ती उडाली, आणि उडीच्या ऐन टोकाला एकदाच ‘खट्’ झालं. एक फोटो. शटर किती होतं म्हणाल, तर 1/250. मी म्हटलं, ‘काका, एवढ्या कमी स्पीडला?’ ते म्हणाले, ‘वर गेलेली वस्तू खाली यायच्या आधी क्षणभर थांबते. शाळेत शिकला नाहीस?’ शिकलो होतो, पण तो प्रश्न परीक्षेत दगडाबद्दल असायचा. फोटोत मुलीचा चेहरा, दात, कपाळावरची बट, सगळं स्पष्ट आणि रॅकेटचा हात मात्र पुसट. मला तो दोष वाटला. काकांना नाही. ‘हात हलला नाही तर तो स्मॅश कसला? तो चौकातला पुतळा.’

टेबल टेनिसच्या हॉलमध्ये त्यांनी आणखी एक जागा दाखवली. सर्व्हिस करताना चेंडू तळहातावरून निदान 16 सेंटीमीटर वर उडवावा लागतो, असा नियम आहे. तो वर जातो, टोकाला थबकतो, आणि त्या थबकण्यात खेळाडूचे डोळे त्याला चिकटलेले असतात. श्वास रोखलेला, भुवया चढलेल्या. चेंडू स्थिर, चेहरा स्थिर, हवा तेवढा अवधी. टेबल टेनिसचे जे फोटो आपल्याला भारी वाटतात त्यातले पुष्कळसे या एका क्षणाचे असतात, आणि त्यांना लाखाच्या वरची लेन्स लागत नाही. तशीच दुसरी जागा गुण संपल्यावरची. जिंकलेली मुठी आवळून उभी राहते, हरलेली जाळीकडे बघत राहते, आणि मागे खुर्चीवर बसलेल्या सरांच्या चेहऱ्यावर पुढच्या आठवड्याची प्रॅक्टिस दिसायला लागते. कोणी हलत नाही. 1/125 पुरतं.

उजेड मोजण्याबद्दलही काकांचं मत ठाम आहे. कॅमेऱ्यावर सोडलं तर तो काळी भिंत बघून घाबरतो आणि फोटो पांढराफटक करतो. पांढरा टीशर्ट बघितला की उलटं. म्हणून सामन्याआधी एकदा कोर्टावर जाऊन, हवं तर स्वतःच्या तळहातावर मोजून, आकडे हाताने लावून टाकायचे आणि विसरून जायचं. ‘हॉलमधला उजेड काय ढगाआड जातो का? गेला तर लाइटच जाते, आणि मग सगळ्यांचीच जाते.’

माझ्या मते, लेन्सवर पैसे खर्च करायचेच असतील तर 50 नाहीतर 85 मिलिमीटरची, 1.8 पर्यंत उघडणारी लेन्स घ्यावी. झूम होत नाही. आपण उठून पुढे जायचं. 70-200 ची 2.8 वाली सगळ्यांच्या स्वप्नात असते. दीड किलोच्या आसपास वजन, किंमत विचारल्यावर दुकानदार आधी पाणी आणून देतो. ती भाड्यानेही मिळते. फायनलच्या दिवसापुरती आणावी आणि संध्याकाळी परत करावी. खांदाही वाचतो.

सगळेच घरातले खेळ मात्र इतके खट्याळ नसतात. कॅरममध्ये बोर्डाच्या डोक्यावर दिवा टांगलेला असतो, त्यामुळे सोंगट्या, पावडरीवर उमटलेली स्ट्रायकरची रेघ, बोटाचं नख, सगळं सुंदर येतं. फक्त वाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोर्डावरून परतलेला उजेड खालून पडतो आणि पापभीरू बँक कर्मचारीसुद्धा भुताच्या सिनेमातला दिसतो. इनडोअर कबड्डीत चढाई 30 सेकंदांची, चढाई करणारा पूर्ण वेळ वाकलेला, दिवे वरून, म्हणजे पाठ उजळ आणि चेहरा मॅटच्या रंगाचा. बुद्धिबळ त्यातल्या त्यात सोयीचं. खेळाडू वीस वीस मिनिटं पापणी हलवत नाहीत, कितीही कमी उजेड चालेल. पण मोठ्या स्पर्धांत फोटोग्राफरला पहिली काही मिनिटंच आत ठेवतात आणि मग बाहेर काढतात, कॅमेऱ्याच्या आवाजाने विचार मोडतो म्हणून. जो एकमेव खेळ आपल्यासाठी थांबतो, तिथून आपल्यालाच हाकलतात.

इतकं करून हाती आलेला फोटो जातो कुठे, तर व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे तो असा काही दाबला जातो, की आयएसओ 800 आणि 12,800 एकाच पंगतीला बसतात. त्यावर पालकांच्या ग्रुपमध्ये प्रतिक्रिया येतात. ‘छान, पण चेहरा अजून उजळ करता येईल का?’ ‘मागे प्रायोजकांचा बोर्ड आला असता तर बरं झालं असतं.’ आणि एक तर हमखास: ‘दादा, आमच्या हिचा नाही काढला का?’ काढलेला असतो. जाळीमागे आहे.

सगळ्यात चमत्कारिक प्रकार बक्षीस समारंभाचा. फायनल संपते, सतरंजी अंथरतात, टेबलावर कापड, कापडावर चषक, माइकवर हॅलो हॅलो. दाराशी गडबड उडते, कोणीतरी ओरडतं, ‘दिवे लावा रे, साहेब आले!’ आणि खटाखट बटणं पडतात. दिवसभर बिल वाचवण्यासाठी बंद ठेवलेल्या छताच्या दोन रांगा उजळतात, शिवाय स्टेजवर दोन हॅलोजन. इतका उजेड त्या हॉलमध्ये असू शकतो हे त्या दिवशी तिथे खेळलेल्या एकाही मुलीला ठाऊक नसतं. फ्लॅशची बंदीही उठते. साहेब शाल घेऊन स्तब्ध, श्रीफळ स्तब्ध, अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि खजिनदारांचे मेहुणे स्तब्ध, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि ‘अजून एक घ्या’ म्हणतायत. विजेती कडेला, शालीच्या घडीआड अर्धी. या जागी 1/60 ला, अ‍ॅपर्चर 8 वर, डोळे मिटून फोटो येतो.

तेव्हा स्पर्धा भरवणाऱ्या तमाम मंडळांना, क्लबांना आणि संघटनांना हात जोडून विनंती आहे. साहेबांसाठी जे दिवे लावता, ते निदान उपांत्य फेरीपासून लावा. बिल वाढलं तर प्रवेश फीमध्ये वीस रुपये वाढवा. पालक कुरकुरतील, पण देतील. नवा हॉल बांधणार असाल तर दिवे तिन्ही फेजांवर वाटून घ्या आणि वायरमनला आधीच सांगून ठेवा. आणि साहेबांच्या फोटोची मुळीच काळजी करू नका. तो आम्ही अर्ध्या दिव्यांतही नीट काढून देऊ. ते हलत नाहीत.